हाडांची पुरचुंडी आणि हातची पोथी

आपल्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतून एक लेखनप्रकार गेली कित्येक वर्षे नेमाने येत असतो. नाताळच्या अंकात तर तो हमखास असतो. आजीची झिजलेली जपमाळ, आजोबांचा पितळी क्रूस, आईचे लग्नातले लुगडे, वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालेले घड्याळ, घरच्या वेदीवरची रंग उडालेली मरियामातेची मूर्ती यांपैकी एखादी वस्तू लेखक हाती घेतो, तिच्यावरची धूळ पुसतो, चार आठवणी सांगतो आणि ‘प्राण गेला तरी ही वस्तू मी कोणाला देणार नाही’ अशा अर्थाच्या वाक्यावर लेख संपवितो. हे लेख मनापासून लिहिलेले असतात याविषयी मला शंका नाही. वाचतानाही ते गोड वाटतात. परंतु पुढचा अंक हाती येईपर्यंत त्यांतला एकही स्मरणात राहत नाही, असे का व्हावे?

माझ्या मते त्याचे कारण भाषेच्या कमकुवतपणात नाही. कारण असे आहे की या लेखांतील वस्तूवर कधी प्रसंगच येत नाही. ती कपाटात असते आणि कपाटातच राहते. तिला कोणी मागत नाही, ती हरवत नाही, तिच्यामुळे कोणाला धोका पत्करावा लागत नाही. ‘कधीही देणार नाही’ ही प्रतिज्ञा ज्या वस्तूला कोणी गिऱ्हाईकच नाही तिच्याविषयी केलेली असते. साहित्यात प्रतिज्ञेला मोल येते ते तिची कसोटी लागते तेव्हा. अशी कसोटी लागलेली वस्तू आणि तिची कथा आपल्याच परिसरात, आपल्याच परंपरेत आहे का, हे पाहू गेल्यास दोन उदाहरणे ठळकपणे समोर येतात. पहिले थेट ठाण्याचे आहे. दुसरे मराठी भाषेतील सर्वांत मोठ्या ख्रिस्ती ग्रंथाचे आहे. या दोहोंचा वाङ्मय म्हणून विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. पहिल्याकडे आपण भक्तिकथा म्हणून पाहतो आणि दुसऱ्याकडे अभिमानाचा विषय म्हणून.

ठाण्याची कथा लिहिली ती ओडोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन धर्मबंधूने. पोर्देनोने हे त्याचे गाव. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात तो होर्मूझहून समुद्रमार्गे ठाण्यास आला, तेथून कोल्लम, पुढे आग्नेय आशियातील बेटे आणि चीन असा प्रवास करून मायदेशी परतला. १३३० साली पादुआ येथे त्याने आपला वृत्तांत तोंडी सांगितला आणि दुसऱ्या एका धर्मबंधूने तो लॅटिनमध्ये उतरवून घेतला. पुढल्याच वर्षाच्या जानेवारीत ओडोरिक निवर्तला. वृत्तांताच्या हस्तलिखित प्रती मात्र युरोपभर पसरल्या. ‘मँडेव्हिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रवासवर्णनाने त्यातला मजकूर मनमुराद उचलला, यावरून तो किती वाचला जात होता याची कल्पना यावी. सर हेन्री यूल यांनी १८६६ साली त्याचा इंग्रजी अनुवाद सटीप प्रसिद्ध केला.

या वृत्तांतातील ठाण्याविषयीचा भाग लांबीने इतर नगरांच्या मानाने खूपच मोठा आहे. चीनमधील भव्य शहरे ओडोरिक दहा-पंधरा वाक्यांत आटोपतो. ठाण्यात मात्र तो थांबतो. कारण त्याच्या आगमनापूर्वी थोड्याच काळात, १३२१ सालच्या एप्रिलमध्ये, त्याच्या संघाचे चार बंधू येथे मारले गेले होते. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस अशी त्यांची नावे. चौघे चीनला निघाले होते. वाटेत ठाण्यास उतरले आणि एका ख्रिस्ती कुटुंबात राहिले. त्या काळी ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओडोरिक सांगतो. वसई-साष्टीतील आपला इतिहास पोर्तुगीजांपासून मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. पोर्तुगीज कोकणात येण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची ही पंधरा घरे आपण सहसा विसरतो.

कथेची सुरुवात अगदी घरगुती आहे आणि मला तीच सर्वांत खरी वाटते. ज्या घरी बंधू उतरले होते तेथे नवरा-बायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. तिने काझीकडे तक्रार नेली आणि साक्षीदार म्हणून या परदेशी बंधूंचे नाव सांगितले. त्यांपैकी तिघांना बोलावणे गेले. काझीच्या दरबारात साक्षीचा विषय बाजूला पडला आणि धर्माचा वाद निघाला. त्यातून पुढचे सगळे घडले. जेम्सला आगीत टाकले, तो न जळता बाहेर आला, नगराधिपतीने त्यांना सोडून देऊन खाडीपलीकडे जाण्यास सांगितले, मागाहून रात्री माणसे पाठवून त्यांना ठार करविण्यात आले. चौथा, पीटर, दोन दिवसांनी मारला गेला. त्यांच्याबरोबर आलेला डॉमिनिकन धर्मबंधू जॉर्डन त्या वेळी सोपाऱ्याच्या वाटेवर होता म्हणून वाचला. त्याने देह मिळवून सोपाऱ्यास पुरले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ओडोरिक हा निःपक्ष साक्षीदार नाही. तो घटनेच्या वेळी हजर नव्हता. तो ऐकीव कथा सांगतो आहे आणि ती हुतात्म्यांच्या कथांचा जो साचा युरोपात शतकानुशतके रुळला होता त्यात ओतून सांगतो आहे. त्या साच्यात प्रतिपक्षाच्या लोकांना माणसे म्हणून जागा नसते. ते एकजात क्रूर असतात. ठाण्यासारख्या, अनेक धर्मांचे लोक एकमेकांच्या दाराशी राहणाऱ्या शहरातील आजच्या वाचकाने हा भाग वाचताना ती मर्यादा ध्यानात ठेवलीच पाहिजे. धर्मग्रामातील एखाद्या सभेत हा वृत्तांत जसाच्या तसा वाचून दाखवावा या मताचा मी नाही. तथापि साचा ओळखल्यावरही उरते ते बरेच आहे आणि ते उरते ठीक त्या ठिकाणी, जिथे ओडोरिक ऐकीव कथा सोडून स्वतःवर गुदरलेले सांगू लागतो. म्हणजे हाडांच्या प्रकरणात.

ओडोरिकाने त्या बंधूंची हाडे जमिनीतून काढली, स्वच्छ वस्त्रात गुंडाळली आणि ती चीनमधील आपल्या संघाच्या मठात पोहोचवायची असे ठरविले. ज्या ठिकाणी ते जाणार होते आणि पोहोचू शकले नाहीत, तेथे त्यांना नेऊन ठेवायचे. या एका निश्चयाने प्रवासवर्णनाचे रूप पालटते. आतापर्यंत तो मुलूख पाहणारा प्रवासी होता. आता तो ओझे वाहणारा माणूस होतो. त्याच्या पुढच्या प्रत्येक मुक्कामाला एक प्रश्न चिकटतो: पुरचुंडी सुखरूप आहे ना?

पहिला प्रसंग आगीचा. ओडोरिक एका घरी झोपला आहे, हाडे उशाशी आहेत. घराला आग लावली जाते. सोबती बाहेर पळतात. तो हाडे हातांत घेऊन एका कोपऱ्यात अंग चोरून बसतो. घराचे तीन कोपरे जळतात, हा चौथा राहतो, आणि तो हाडांसह बाहेर पडल्यावर तोही कोसळतो. चमत्काराची कथा म्हणून हिच्यात नवे काही नाही. हाडांच्या मालकाला आगीने स्पर्श केला नव्हता, तसाच तो हाडांनाही केला नाही, अशी साधी जोड आहे. वाचकाला धरून ठेवते ती त्याची बसण्याची रीत. पळण्याइतका वेळ असताना हा माणूस पुरचुंडी छातीशी धरून कोपऱ्यात बसतो. सोबती पळाले याबद्दल तो त्यांना बोल लावीत नाही. स्वतःच्या धैर्याचेही वर्णन करीत नाही. आपल्या नाताळ अंकातील लेखक या जागी निदान एक परिच्छेद स्वतःच्या भावनांवर खर्च करील, हे मी खात्रीने सांगतो.

दुसरा प्रसंग समुद्रावरचा आहे आणि सबंध वृत्तांतात मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. गलबत कोल्लमकडे निघाले असता वारा पडतो. गलबतावरील मूर्तिपूजक आपल्या देवांची प्रार्थना करतात, मुसलमान आपल्या अल्लाची करतात, वारा येत नाही. मग ते ओडोरिकाला सांगतात, आता तुझ्या देवाला सांग, नाहीतर ही हाडे समुद्रात टाकू. तो प्रार्थना करतो. वारा येत नाही. म्हणजे ज्याच्या प्रार्थनेने वारा यायला हवा, त्याचीही प्रार्थना आधी फुकट जाते, आणि ओडोरिक हे लपवीत नाही. अखेर तो एक हाड काढतो, सोबत्याच्या हाती देतो आणि गुपचूप नाळेवरून पाण्यात टाकायला सांगतो. वारा सुटतो.

ही कथा भाविकांनी अनेकदा सांगितली आहे, परंतु तिच्यातली अडचण कोणी नीट पाहिलेली दिसत नाही. आगीत जो हाडे सोडायला तयार नव्हता, तोच येथे एक हाड सोडतो. दबावाखाली सोडतो, आणि चोरून सोडतो. सर्वांच्या देखत टाकले असते तर उरलेली हाडेही मागितली गेली असती, हे त्याला कळले असावे. हा हिशेब आहे. प्रत्येक वस्तू प्राणाहून प्रिय आहे असे म्हणणाऱ्या माणसालाही कधीतरी बाकीचे वाचविण्यासाठी त्यातले थोडे द्यावे लागते, आणि कोणते द्यायचे हे स्वतः निवडावे लागते. चौघांपैकी कोणाचे हाड त्याने निवडले? वृत्तांत सांगत नाही. कादंबरीकाराने या जागी मुक्काम ठोकला असता. ओडोरिक पुढे निघून जातो, आणि त्याच्या या कोरड्या घाईतच वाचकाला त्या क्षणाची बोच जाणवते.

तिसरा प्रसंग चिनी बंदराचा. कोल्लमला त्याने मोठ्या जहाजात जागा घेतली. त्यावर सातशे माणसे होती असे तो म्हणतो. बंदरात शिरण्यापूर्वी जहाजाची झडती घेण्याची तेथे प्रथा होती. मृतांची हाडे सापडल्यास ती समुद्रात टाकली जात. झडती झाली, हाडे सापडली नाहीत. पुढे झायतोन, म्हणजे आजचे छ्वानचौ, या नगरीत फ्रान्सिस्कनांची दोन निवासस्थाने होती, तेथे त्याने हाडे ठेवली. येथे पुरचुंडीचे प्रकरण संपते. निरोपाचे वाक्य नाही, उसासा नाही. ज्या वस्तूसाठी आग आणि समुद्र सोसला, ती योग्य हातांत पडल्यावर हा माणूस मोकळ्या हातांनी पुढच्या शहराचे वर्णन करू लागतो. आपल्या लेखांतील ‘कधीही देणार नाही’ला ओडोरिकाचे हे उत्तर आहे असे मी मानतो. तो जपत होता ते पोहोचविण्यासाठी.

आणि ठाण्यात काय उरले? माती. हे बंधू जेथे मारले गेले तेथील माती लोक नेतात, पाण्यात कालवून आजाऱ्याला पाजतात, असे ओडोरिक लिहितो. आज ती जागा नेमकी कोणती हे कोणी बोट ठेवून दाखवू शकणार नाही. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी मिस्सेला जाणाऱ्या किती कुटुंबांना ही चार नावे ठाऊक असतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. थॉमस यांच्या भक्तीला परमगुरुस्वामी तेराव्या लिओंनी १८९४ साली मान्यता दिली, म्हणजे फार जुनी गोष्टही नाही.

आता दुसऱ्या उदाहरणाकडे वळतो. तेथे वस्तू आहे पोथी.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. ग्रंथ लहान नव्हे. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवसर, सुमारे अकरा हजार ओव्या. तीन वेळा छापलेल्या एवढ्या मोठ्या ग्रंथाची त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे. छापखान्याने हजारांच्या कामासाठी काढलेली वस्तू नष्ट व्हावी आणि घरोघरी बोरूने लिहिलेली वस्तू टिकावी, ही मुद्रणाच्या इतिहासातील उलटी गोष्ट आहे. तिच्यामागे माणसे आहेत. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांनी काय केले ते माहीत आहे. ज्याच्याकडे पोथी होती त्याने ती कुलूपबंद ठेवली नाही, दुसऱ्याला उतरून घेऊ दिली.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग येतो. साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर आता वाचावयास दुसरे काही का देत नाही? (ही साष्टी गोव्याची. आपल्या ठाण्याच्या साष्टीशी तिचे नावापुरतेच नाते, तरी वाचताना आपल्याकडच्या माणसाचे कान टवकारतातच.) या प्रश्नाकडे आपले व्याख्याते ग्रंथरचनेचे निमित्त म्हणून पाहतात आणि पुढे सरकतात. मला तो सबंध ग्रंथातील सर्वांत धीट प्रश्न वाटतो. तो ज्याची प्रिय वस्तू काढून घेतली गेली आहे अशा माणसाचा आहे, आणि स्टीफन्सनी तो स्वतःच्या ग्रंथात, स्वतःच्याच पक्षाविरुद्ध जाईल अशा शब्दांत ठेवला आहे. मराठी पोथीशी त्या माणसाचे जे नाते होते ते ख्रिस्ती झाल्यावरही तुटलेले नव्हते. सायंकाळी दिव्यापाशी बसून ओव्या म्हणणे, ऐकणे, ही त्याची गरज होती. स्टीफन्सनी तीच गरज ओळखून ओवी हा छंद निवडला. त्यांची श्रद्धा युरोपची असेल, पण हा निर्णय कवीचा आहे. देवनागरी टंकांचीही त्यांना आस होती. १६०८ साली संघाच्या श्रेष्ठींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती बोलून दाखविली होती.

मराठीची जी थोरवी त्यांनी ग्रंथारंभी गायिली आहे ती आपल्याकडे इतकी उद्धृत केली जाते की तिचा अर्थ झिजून गेला आहे. भाषादिनाच्या फलकावर ती असते, संमेलनाच्या मंडपात असते. २०१७ साली डोंबिवलीला संमेलन भरले आणि २०२० साली उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, त्या दोन्ही वेळी आपण तिचा पुरेपूर उपयोग केला. परंतु त्या ओव्यांची रचना पाहावी. मौल्यवान वस्तू एकामागून एक येतात: रत्न, फूल, सुगंध, पक्षी, वृक्ष, प्रत्येक जातीतील श्रेष्ठ वस्तू निवडली जाते आणि मग भाषांमध्ये मराठी. म्हणजे परदेशातून आलेला, वयाच्या तिशीत ही भाषा शिकू लागलेला माणूस ती भाषा ‘ठेवा’ म्हणून आपल्यापुढे धरतो. त्यानंतर सत्तर वर्षांच्या आत, १६८४ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. हुकूम पाळला गेला नाही, ही भाषा बोलणाऱ्यांची कर्तबगारी. आपण स्टीफन्सच्या ओव्या मिरवतो आणि या हुकमाविषयी गप्प राहतो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याखेरीज ‘ख्रिस्तपुराणा’च्या पोथ्या कोणत्या वातावरणात जपल्या गेल्या हे कळत नाही.

सर्वांत अधिक पोथ्या जपल्या त्या गोव्यातून कर्नाटक किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी. १७८४ साली टिपू सुलतानाने कानडा प्रांतातील ख्रिस्ती लोकांना धरून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ साली त्याच्या पाडावानंतर उरलेले परतले. त्या बंदिवासात या पुराणाच्या वाचनाने लोकांना धीर दिला, अशी परंपरा आहे. परंपरेतील तपशील तपासून घ्यावे लागतील, पण पुढची गोष्ट निर्विवाद आहे: १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला तो अशा घरांतून मिळालेल्या हस्तलिखितांवरून. त्यानंतर लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील प्रत असल्याचे जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची, आणि मार्सडेन प्रतीच्या आधारे फादर नेल्सन फलकाव यांची २००९ ची.

या प्रतींत फरक आहेत आणि समीक्षकाच्या दृष्टीने खरी मौज तेथे आहे. मंगळूरच्या परंपरेत पोर्तुगीज-लॅटिन वळणाच्या धर्मसंज्ञा अधिक, मार्सडेन प्रतीत त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द अधिक. मूळ कोणते याविषयी विद्वानांत एकमत नाही आणि मी त्यात पडत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, हा फरक कोणाच्या तरी हाताने झाला. जपणारा माणूस वस्तूला जशीच्या तशी ठेवतो असा आपला समज असतो. पोथी जपणाऱ्याने ती तशी ठेवली नाही. उतरताना त्याने आपल्या घरातल्या कानाला रुचेल, कळेल असा शब्द घातला असावा. शुद्ध पाठाच्या शोधात असलेल्या पंडिताला हा अपराध वाटेल. पण पोथी वाचली जात होती याचा याहून चांगला पुरावा नाही. न वाचल्या जाणाऱ्या पोथीत कोणी शब्द बदलण्याच्या भानगडीत पडत नाही.

येथे आपल्या उत्तर कोकणच्या लोकांना एक अप्रिय प्रश्न विचारावा लागतो. आमच्याकडेही पुराण होते. फ्रान्सिस्को वाझ द गिमराइंश यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेले, आमच्या इकडच्या बोलीच्या वळणाचे, १६५९ साली लिस्बन येथे छापलेले, एकोणिसाव्या शतकात मुंबईस पुन्हा छापलेले. स्टीफन्सच्या मानाने ते काव्य म्हणून उणे मानले जाते. त्याची भाषा घडवलेली नाही, बोललेली आहे. स्टीफन्सचा ग्रंथ अभ्यासक्रमात गेला, अभिमानाचा विषय झाला. हे पुराण आमच्याच आठवणीतून गेले. दोष केवळ परिस्थितीचा नव्हे. १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती गेल्यावर येथील ख्रिस्ती समाजाची घडी विस्कटली हे खरे. परंतु मंगळूरकरांवर आलेला प्रसंग त्याहून सौम्य नव्हता. भेद असा की, त्यांनी संस्कृतप्रचुर मराठी पोथी आपली मानली, आणि आम्हांला आमच्याच बोलीतली पोथी पुढे पुढे कमीपणाची वाटू लागली. इंग्रजी शाळा आल्या, १८८७ साली आम्ही ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, आणि सोन्याचे जुने दागिने तेवढे बँकेच्या तिजोरीत राहिले. दागिने जपण्यात गैर काही नाही. पण ‘वारसा’ या शब्दाखाली आमच्या अंकांतून जे छापून येते त्यात दागिने, लुगडे आणि बाटलीमसाला यांना जेवढी पाने मिळतात त्याच्या दशांशानेही या पुराणाला मिळत नाहीत.

वसईतून गेलेल्या घंटांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे, वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७. मेणवलीच्या घंटेवर मरिया आणि बाळ येशू यांची आकृती आजही दिसते. लढाईत जिंकून नेलेल्या या वस्तू नेणाऱ्यांनी वितळवल्या नाहीत, टांगल्या आणि वाजवल्या. मिस्सेची घंटा आरतीला वाजली, म्हणून ती राहिली. यावर रडगाणे गाणारे लेख मी वाचले आहेत. माझा सूर त्यांच्याशी जुळत नाही.

वापराचा हा मुद्दा आपल्या गद्यलेखकांनी मनावर घ्यावा यासाठी आणखी एका पुस्तकाकडे बोट दाखवितो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. त्या आपल्या पंथाच्या नव्हत, पण मराठी ख्रिस्ती गद्याचा विचार त्यांच्यावाचून होऊ शकत नाही. त्या पुस्तकात वस्तू सतत घरात येतात आणि घरातून जातात, कारण टिळकांच्या हाताला देण्याची सवय होती आणि संसार चालवायचा होता लक्ष्मीबाईंना. हातातून निसटणाऱ्या भांड्याकुंड्यांविषयी त्या रागाने आणि हसत लिहितात, हळहळत लिहीत नाहीत. म्हणूनच नव्वद वर्षांनंतरही ते घर वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे राहते.

आता आपल्याकडचा, आजचा प्रश्न. ठाण्याच्या जुन्या वाड्यांतील कौलारू घरे गेली, त्यांच्या जागी मजले आले. कल्याणच्या रेल्वे वसाहतींत आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा सर्व बाजूंची कॅथलिक कुटुंबे येऊन राहिली. त्यांच्या ट्रंकांतून काय काय आले याची मोजदाद कोणी केलेली नाही. जुने प्रार्थनासंग्रह, हाताने उतरलेली उपवासकाळातील गाणी, रोमन लिपीतील वह्या या असू शकतात. नव्या जागेत शिरताना सर्वांत आधी माळ्यावर, आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी रद्दीत, अशी अशा कागदांची वाट ठरलेली असते. यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, सगळे एखाद्या धर्मगुरू-विद्यालयाच्या किंवा संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात द्या. दुसरे म्हणते, घरची वस्तू घरातच शोभते. एकदा संस्थेत गेली की आपली राहत नाही. दुसऱ्या मतातील भीती निराधार नाही. दिलेल्या वस्तूची साधी पोचपावतीही न मिळालेली माणसे आहेत, आणि संस्थेच्या कपाटातही वाळवी लागते. पण पहिल्या मताशिवाय ‘ख्रिस्तपुराण’ आज आपल्या हाती नसते हेही तितकेच खरे. साल्ढाणा दारात आले तेव्हा मंगळूरच्या त्या घरांनी पोथी दाखविली. आज तर वही हातातून न सोडता मोबाइलवर तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेता येते. घराने मूळ वही ठेवावी, प्रत बाहेर जाऊ द्यावी. उपवासकाळात निदान एका संध्याकाळी तिच्यातले चार कडवे मोठ्याने म्हणावे. नुसती छायाचित्रे संगणकात साठवून ठेवणे म्हणजे नवा माळाच होय.

आणि आपल्या लेखकांनी वस्तूंवर लिहायचे असेल तर ओडोरिकाच्या वृत्तांतातील एक अर्धे वाक्य पुन्हा काढून पाहावे. काझीकडे तिघे गेले आणि पीटर घरी राहिला, तो सामानाची राखण करण्यासाठी. चीनला निघालेल्या चार भिक्षुव्रती बंधूंजवळ राखण करण्याजोगे असे काय सामान होते? प्रार्थनेची पुस्तके असतील, मिस्सेचा प्याला असेल, अंगावर घ्यायची जाड कापडे असतील. ओडोरिकाने ती यादी दिलेली नाही. पीटर सामानापाशी बसून होता, आणि दोन दिवसांनी त्याला तेथूनच नेण्यात आले.